व्याह्यांची इतिहासाची वही

तुमच्या आईने तिच्या वडिलांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या, हातावर लाटणं मारलं तेव्हा निम्म्या पोळ्या लाटायच्या राहिल्या होत्या आणि तवा तापलेला होता. पहिला तडाखा मनगटावर बसला, दुसरा बोटांवर. तिसऱ्या वेळी मी मध्ये पडले, म्हणून तो माझ्या खांद्याला चाटून गेला. आजोबांनी हात मागे घेतला नव्हता. पूर्वी शाळेत छडी खाताना मुलं धरायची तसा त्यांनी तो ओट्यावर पसरून ठेवला होता.

थोरल्या, तू स्वयंपाकघराच्या दारात उभा होतास. अकरा वर्षांचा. धाकटे, तू आठची. तू जेवणाच्या टेबलाखाली शिरलीस आणि कान झाकून घेतलेस. तुमचे बाबा बँकेच्या कामासाठी हाँगकाँगला गेले होते. त्यांना आजवर एवढंच माहीत आहे, की त्या डिसेंबरात घरात थोडी वादावादी झाली. व्हिएन्नाला गेल्यापासून तुमचं मराठी वाचन मागे पडलं आहे, त्यामुळे हे त्यांनाच तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं लागणार. तर बाळा, मध्ये काही गाळू नकोस. तुझ्या बायकोला मी फोन करून विचारलं आहे. ती म्हणाली, "सगळं लिहा, आई. धाकटीलाही ऐकू दे."

लिहायचं कारण म्हणजे थोरल्या, तुझी मेल. तुझ्या इतिहासाच्या बाईंनी वर्गाला सांगितलं आहे, की घरातल्या मोठ्या माणसांना एखाद्या लढाईबद्दल विचारा आणि ऐकलेलं लिहून आणा. तुझ्या वर्गात युगोस्लाव्हियातल्या लढाईच्या सगळ्या बाजूंची मुलं आहेत. त्यांच्या आईबापांनी एकमेकांच्या घरांना आगी लावल्या, आणि ही मुलं आता एका बाकावर बसून एकमेकांचे खोडरबर पळवतात. तू विचारलंस, "आजी, काय लिहू? आई म्हणते, तुला हवं ते लिही. हाऊ कॅन, लाह?" 'असं कसं चालेल' हे तू अजून सिंगापूरच्याच इंग्रजीत विचारतोस.

त्या लढाईत तुमच्या आईची बाजू कोणती, ते मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे. आणि दुसऱ्या कोणाच्या हाती हे कागद पडले, तर त्याने आधी बाजू बघून मग वाचावं असं मला नको आहे.

मी पुण्यात मुलींच्या इंग्रजी शाळेत सोळा वर्षं इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाची कारणं सहा, परिणाम पाच. मी सांगायची, मुली उतरवून घ्यायच्या, आणि परीक्षेत तेच मला परत मिळायचं. 'बाल्कन प्रदेशाला युरोपचं दारूचं कोठार का म्हणत?' हा चार मार्कांचा प्रश्न मी दर वर्षी घालत असे. पुढे तुमच्या दुसऱ्या आजोबांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सिंगापूरला आलो आणि शाळा सुटली. मग तुमच्या बाबांनी व्हिएन्नातून त्याच कोठारातली मुलगी सून म्हणून आणली. काळ्या केसांची, कमी बोलणारी. तिने माझ्याकडून पोळ्या शिकून घेतल्या, आणि वर्षाच्या आत माझ्यापेक्षा पातळ लाटायला लागली. तिच्या घरच्यांबद्दल विचारलं की ती म्हणायची, "आई वारली. भाऊ वारला. वडील आहेत." शेवटचं वाक्य अशा आवाजात म्हणायची, की पुढे विचारायची सोय नसे.

त्या वडिलांचं पत्र थेट मला आलं. इंग्रजी शब्दकोश उघडून एकेक शब्द वेचून लिहिल्यासारखं होतं. 'मॅडम, मीसुद्धा इतिहासाचा शिक्षक होतो. आता म्हातारा आहे. माझ्या मुलीच्या मुलांना भेटायचं आहे आणि मी काय केलं ते त्यांना माझ्या तोंडाने सांगायचं आहे. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी.'

तुमच्या आईने ते पत्र उभ्याउभ्याने वाचलं. चौदा वर्षं ती त्यांच्याशी बोलली नव्हती. मी आठ दिवस तिच्या मागे लागले. शेवटी ती म्हणाली, "येऊ देत. पण मुलांसमोर युद्धाचा एक शब्द नाही. एक शब्द बोलले, तर त्याच दिवशी विमानात बसवीन. तुम्ही त्यांना तसं लिहा." मी लिहिलं. त्यांनी मान्य केलं आणि तरीही आले. त्यांना ज्यासाठी यायचं होतं तेच सोडून देऊन आले, हे मला तेव्हा नीटसं कळलं नाही. माझ्या डोक्यात व्याही येणार एवढंच होतं. पडदे धुतले, लिटिल इंडियातून ताजी मिठाई आणली.

व्याही उंच, वाकलेले, नीट दाढी केलेले. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत घरी गाळलेली आलुबुखाराची दारू घेऊन आले आणि "मेडिसिन" म्हणून माझ्या हातात दिली. त्यांच्या उजव्या हाताची चारही बोटं वाकडी होती, सांध्यांत गोठल्यासारखी. चमचा ते अंगठ्याने तळव्याशी दाबून धरत.

मी त्यांना म्हटलं, "आमच्यात मुलीच्या बापाने वरमाईपुढे जरा वाकून राहायचं असतं, बरं का."

"माझी पाठ बघा, मॅडम," ते म्हणाले. "मी तयारच होऊन आलोय."

"मॅडम नाही. विहीणबाई."

"विहिन-बाय. आणि मी?"

"तुम्ही व्याही."

"वियाई. म्हणजे काय?"

"म्हणजे ज्याच्याशी भांडता येत नाही असा पाहुणा."

ते हसले. तुमची आई पलीकडे भांडी लावत होती. एक ताटली तिने इतक्या जोरात ठेवली की तिचे दोन तुकडे झाले.

पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघं त्यांना रोज घरामागच्या टेकडीवर न्यायचात. आपल्या बुकित बातोकच्या टेकडीवरच्या त्या सरळसोट पायऱ्या मलाही चढवत नाहीत, पण एक दिवस मी गेले. थोरल्या, तू शाळेच्या सहलीत ऐकलेलं त्यांना सांगत होतास. जपान्यांनी कैद्यांकडून त्या पायऱ्या बांधून घेतल्या. वर दोन स्मारकं होती. एक जिंकलेल्यांच्या मेलेल्या शिपायांचं, आणि त्याच्या मागे एक हरलेल्यांच्या मेलेल्यांचं.

आजोबा थांबले. "तुझ्या टीचरने तुला दोन्ही सांगितली?"

"हो. टीचर म्हणाली, मस्ट नो बोथ, दोन्ही माहीत हवीत. परीक्षेला येतं."

ते तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं दम लागला. तू त्यांच्या बोटांकडे बघून विचारलंस, "आजोबा, हे कसं झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दारात सापडली." तू म्हणालास, "चारही? एकदम?" ते उठून पुढच्या पायऱ्या चढू लागले.

आता माझी चूक सांगते. दर डिसेंबरात मी तुमच्या नव्या वर्षाच्या पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरं घालायची, तुम्हाला आठवत असेल. जेवणाच्या टेबलावर कागद, कात्री, लेबलं, आणि धाकटी नावं घालायला. त्या दिवशी व्याह्यांनी आपल्या बॅगेतून एक जुनी वही काढून माझ्यापुढे धरली होती. चौकटीच्या कागदाची, निळ्या पुठ्ठ्याची, कडा ओल लागून फुगलेल्या. आत पोरसवदा अक्षर आणि पानोपानी लाल शाईच्या खुणा. लिपी मला येत नव्हती. "हिस्टरी," ते म्हणाले. "थोरल्यासाठी. मोठा झाला की. तुमच्याकडे ठेवा." मग ते आंघोळीला गेले.

'तुमच्याकडे ठेवा' म्हणजे लपवून ठेवा, हे कोणत्याही शहाण्या बाईला कळलं असतं. मला फक्त दिसलं की वहीचं कव्हर फाटलेलं आहे. मी नवं कव्हर घातलं. धाकटे, तुझ्याकडून लेबल लिहून घेतलं. वर थोरल्याचं नाव, खाली विषय इतिहास. आणि ती वही उंचीप्रमाणे लावून त्याच्या शेल्फवर उभी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमची आई पोळ्या लाटत होती आणि आजोबा ओट्याच्या टोकाला कॉफी घेत उभे होते. धाकटे, तू ती वही घेऊन धावत आलीस. "आई, सी, माझं हँडरायटिंग! नीट आहे ना?" आईने पिठाच्या हातांनी वही घेतली, लेबल बघून हसली, कव्हर उलटलं. आणि तिला तिच्या मेलेल्या भावाचं अक्षर दिसलं.

ती आधी त्यांच्या भाषेत बोलली. आवाज मोठा नव्हता. मग इंग्रजीत, बहुधा मला कळावं म्हणून. "माझ्या मुलाच्या नावाने? ही वही माझ्या मुलाच्या नावाने?"

"नाव मी घातलं," मी म्हटलं. "मला वाटलं—"

"तुम्ही गप्प बसा, आई." सून म्हणून आल्यापासून हे ती मला पहिल्यांदाच म्हणाली. तिने वही तापलेल्या तव्यावर फेकली. कागदाच्या कडा काळ्या पडून धूर निघाला, तपकिरी कव्हराने पेट घेतला. आजोबांनी वाकड्या हाताने ती ओढून काढली, छातीशी धरून विझवली, सदरा जळाला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच. लाटणं मारताना ती एकच वाक्य म्हणत होती, आणि ते थोरल्या, तू ऐकलंस. "दोन माणसं मारलीस तू. ह्या वहीने दोन माणसं मारलीस."

मी गॅस बंद केला. लाटणं तिच्या हातातून काढून घेताना तिच्या नखांनी माझं मनगट सोललं. आजोबांच्या हाताला बर्फ लावला. आधीच मोडलेली बोटं पुन्हा सुजून एकमेकांना चिकटली होती आणि तळव्याला भाजल्याचा फोड आला होता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर त्यांनी नकारार्थी मान हलवली. तुमची आई फोनवर विमान कंपनीची वाट बघत होती. तिने तिकीट बदलून घेतलं. चार दिवसांनंतरचं मिळालं.

फोन ठेवून ती तुझ्याकडे आली, थोरल्या. तुला जवळ घ्यायला हात पुढे केला. आणि तू तोंडावर आडवा हात धरून खाली बसलास. तिने तुला जन्मात चापटही मारली नव्हती. ती होती तिथेच थांबली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. मार खाल्लेल्या माणसाचा होता तो.

"आजोबांनी कोणाला मारलं?" तू हाताआडून विचारलंस.

"कोणाला नाही."

"तू आत्ता म्हणालीस, दोन."

 तेव्हा मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "बसा सगळे." धाकटे, तुला शेजारच्या आंटीकडे पाठवलं. बाकीचे तिघे खरंच बसले. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली, जी तुमच्या बाबांनाही आज पहिल्यांदा पूर्ण कळते आहे.

मी दहा वर्षांची होते. सातारा जिल्ह्यात, नदीकाठच्या गावात आमचं घर होतं. स्वातंत्र्य मिळून सहा महिने झाले नव्हते. दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला गोळ्या घालून मारल्याची बातमी आली. मारणारा आमच्या जातीचा होता. तिसऱ्या दिवशी जमाव आला. हातात कुऱ्हाडी, काठ्या, रॉकेलचे डबे. माझ्या काकांना पाय धरून उंबऱ्यावरून फरफटत बाहेर काढलं. त्यांचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत गेलं, तो आवाज मी ऐकला आहे. कुऱ्हाडीच्या दांड्याने तोंडावर मारलं. त्यांचा डावा डोळा गालावर आला. काकू आडवी पडली, तिच्या पाठीत लाथा घातल्या. मला ज्याने उचलून बाहेर फेकलं, तो आमच्याच शेतावर कामाला असलेला माणूस होता, मला खांद्यावर बसवून जत्रेला नेणारा. फेकताना तो रडत होता आणि शिव्याही देत होता. घर दोन दिवस जळलं. कोठीतल्या गुळाचा जळका वास अजून कुठे आला तर मला ओकारी होते.

हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. लग्नात, श्राद्धाला, कुठेही चार नातेवाईक जमले की हे सांगितलं जायचं. पण त्याच्या आदल्या गोष्टीबद्दल कोणी बोलायचं नाही. बातमी आली त्या संध्याकाळी माझ्या काकांनी साखर वाटली होती. एका म्हाताऱ्याचा खून झाला म्हणून साखर. वाटी माझ्या हातात दिली होती. आळीतल्या सात घरी मी ती नेली. मला वाटलं कोणाला तरी मुलगा झाला. सातव्या घरी आमच्या जातीची नसलेली म्हातारी राहायची. तिने विचारलं, "कशाची गं?" मी सांगितलं, "काकांनी दिल्ये, दिल्लीच्या बातमीची." तिने माझ्या हातावर मारून वाटी उडवून दिली.

साखर वाटली म्हणून घर जाळावं, असं मी म्हणत नाही. काकांचा डोळा गेला हे साखरेने फिटत नाही. ज्यांनी साखर वाटली नाही त्यांचीही घरं जळली. पण मी जळलेल्या घराची अर्धी गोष्ट घेऊन मोठी झाले, आणि मग इतिहासाची शिक्षिका झाले. सोळा वर्षं माझा इतिहास स्वातंत्र्याच्या मध्यरात्री संपायचा. एका मुलीने एकदा विचारलं, "मॅडम, आफ्टर दॅट?" मी म्हटलं, "परीक्षेला नाही. सीट डाऊन."

मी बोलायची थांबले तेव्हा बाहेर पाऊस धरला होता. तुमच्या आईने हातावरचं वाळलेलं पीठ खरवडलं. मग ती वडिलांना म्हणाली, "सांग त्याला. पण मी इथून उठणार नाही. तू जिथे थांबशील तिथून मी सांगेन."

आजोबा मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. दुसऱ्या महायुद्धात शेजारच्या गावातल्या माणसांनी त्यांच्या गावातले पुरुष धरून नेले, तारेने दोघादोघांचे हात एकत्र बांधले आणि डोंगरातल्या खोल खड्ड्याच्या तोंडाशी उभं करून एकालाच गोळी घातली. तो पडताना दुसऱ्याला जिवंत ओढून नेई. त्यांत आजोबांचे वडील होते. पुढे राज्य बदललं आणि त्याबद्दल बोलायची बंदी आली. आजोबा चाळीस वर्षं गप्प राहिले. बंदी सैल झाली तशी त्यांनी वर्गात मेलेल्यांची यादी सांगायला सुरुवात केली. मुलं उतरवून घेत; त्यांच्या स्वतःच्या मुलाची ती वही त्यातलीच. मग ते मारणाऱ्यांची आडनावंही सांगू लागले. त्या आडनावांची मुलं वर्गातच होती. तीही मान खाली घालून आपलंच आडनाव उतरवून घेत होती. "एकही नाव खोटं नव्हतं," आजोबा म्हणाले. "मी सगळं तपासलं होतं."

"पुढचं पान," तुमची आई म्हणाली. "त्याच महिन्यात आपल्या गावाने त्यांच्या बायकामुलांना धान्याच्या कोठारात कोंडून कोठार पेटवलं. तुझ्या आईने तुला सांगितलं होतं. ठाऊक होतं ना तुला?"

"होतं."

"मग वहीत का नाही?"

आजोबा म्हणाले, "तासाला वेळ पुरत नव्हता."

मी इतकी वर्षं शिकवलं, पण त्या वाक्याइतकं भयंकर वाक्य कोणा शिक्षकाच्या तोंडून ऐकलं नाही. त्यांनाही ते ऐकू आलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढचं तिने सांगितलं. लढाई सुरू झाली तेव्हा तिचा भाऊ, म्हणजे तुमचा मामा, एकोणीस वर्षांचा होता. त्यांच्या वरच्या मजल्यावर शाळेतले रसायनशास्त्राचे सर राहायचे. दोघा भावंडांना त्यांनी शिकवलं होतं, घरचा रेडिओ दुरुस्त करून द्यायचे. बायको आणि दोन मुलं माहेरी पाठवून ते एकटेच थांबले होते. त्यांचं आडनाव यादीत होतं. मामा आणि त्याच्या वर्गातली तीन मुलं बंदुका घेऊन आली आणि सरांना बनियन आणि सपातांवर खाली घेऊन गेली. जिन्यात तुमची आई उभी होती. सर तिला म्हणाले, "वर दूध ठेवलंय, गॅस तेवढा बंद कर." ती वर गेली. गॅसच्या बटणावर हात असताना शाळेच्या अंगणातून तिला गोळ्यांचे आवाज आले. चार. मग थोड्या वेळाने आणखी एक.

"दुपारी तो जेवायला घरी आला," ती म्हणाली. "शर्टाच्या बाहीवर डाग होते. म्हणाला, बाबा, यादीतलं सातवं आडनाव. तू काय म्हणालास, सांग."

"काही नाही म्हणालो."

"खोटं. तू म्हणालास, हात धुऊन ये."

आजोबांनी मान हलवली. हो.

पाच महिन्यांनी मामा सुरुंगावर पाय पडून मेला. घरी एक बूट आला. बूट रिकामा नव्हता. तुमच्या आईच्या आईने तो धुतला आणि त्याच महिन्यात अंथरूण धरलं.

"झालं," तुमची आई म्हणाली. "दोन माणसं. सर आणि माझा भाऊ."

पण आजोबा म्हणाले, "अजून आहे. हे तुलाही माहीत नाही." तिने देश सोडल्यावर ते गाव दुसऱ्या बाजूच्या हातात गेलं. एक दिवस त्यांना शाळेत नेण्यात आलं, त्यांच्याच वर्गात. समोर त्यांचा जुना विद्यार्थी बसला होता, गणवेशात. तो म्हणाला, "सर, यादी सांगा. मी विसरलो." आजोबांनी पहिलं नाव सांगितलं. त्याने बाकावर त्यांचा हात धरून बंदुकीच्या दस्त्याने एक बोट मोडलं. दुसरं नाव, दुसरं बोट. तिसरं नाव सांगताना आजोबांना शुद्ध राहिली नाही, तर पाणी मारून उठवलं. चार नावं झाली. अंगठा त्याने राहू दिला. म्हणाला, "सही करायला लागेल."

"कोण?" तुमच्या आईने विचारलं. त्यांनी नाव सांगितलं.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. अक्षर फार छान होतं त्याचं." सकाळी आपण याच हातावर मारलं, हे तिच्या ध्यानात आलं असणारच. पण तिने माफी मागितली नाही आणि त्यांनी तशी अपेक्षा केली नाही.

थोरल्या, तू उठून बाथरूममध्ये गेलास आणि ओकलास. पुढचे तीन दिवस तू आजोबांशी बोलला नाहीस. त्यांनी वाढलेलं तू ताटात तसंच ठेवायचास. मी रागावायला निघाले तर ते म्हणाले, "राहू दे, विहिन-बाय. त्याचा हक्क आहे." पण ते उलट शांत झोपत होते. जे सांगायला आले होते ते सांगून झालं होतं. त्याची किंमत नातवाने काय लावायची हे त्यांनी तुझ्यावर सोडलं होतं.

विमानतळावर आपण सगळे गेलो. तुमची आई दहा पावलं मागे उभी होती, हात बांधून. आजोबा आत जायला वळले तेव्हा तू एकदम विचारलंस, "त्या केमिस्ट्रीच्या सरांची मुलं आता कुठे आहेत?"

"माहीत नाही."

"तुम्ही कोणाला विचारलं नाही?"

"नाही."

"चौदा वर्षांत एकदापण नाही? देन आस्क, लाह!" तू ओरडलास. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

आजोबांनी हातातली बॅग खाली ठेवली.  मागून तुमच्या आईचा आवाज आला, इंग्रजीत. "विचारलंस तर मला कळव." पोचल्यावर कळव, असं ती म्हणाली नाही.

लोक मला विचारतात, नातवंडं युरोपात वाढताहेत, त्यांना आपला इतिहास कोण शिकवणार? आपला इतिहास शिकवायला माणसं पुष्कळ मिळतात. माझे नातेवाईक होते, तुमचे आजोबा होते, बंदूक घेऊन आलेला तो विद्यार्थीही होता. तुम्ही आता ज्या देशांचे नागरिक आहात, तिथल्या प्रत्येक डोंगरात असा एखादा खड्डा आणि प्रत्येक गावात एखादं जळलेलं कोठार असेल. शाळेने तुम्हाला दोन्ही ठिकाणी न्यायला हवं, आणि एकाच आठवड्यात न्यायला हवं. दोन्हींचं वजन सारखं असतं म्हणून नव्हे. ते नेहमीच सारखं नसतं. पण एकच पाहून घरी आलेली मुलं तुमच्या मामासारखी जेवायला बसण्याआधी हात धुतात, एवढंच.

आजोबांनी विचारायला सुरुवात केली. दोन वर्षं लागली. एका दारात त्यांच्यावर कुत्रा सोडला, पोटरीचा लचका गेला. दुसऱ्या ठिकाणी सरांच्या पुतण्याने त्यांना जिन्यावरून ढकललं. मागच्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. दुसऱ्या शहरात सरांच्या बायकोचा पत्ता लागला आणि ते गेले. तिने दार उघडलं, ओळखलं, आणि पायातली चप्पल काढून तोंडावर मारायला लागली. ओठ फाटला, चष्मा फुटला. ते उभे राहिले. तिचे हात थकले तेव्हा ती धापा टाकत जिन्याच्या पायरीवर बसली. घरात घेतलं नाही. पण सांगितलं. मुलगी दातांची डॉक्टर आहे. मुलगा स्वीडनमध्ये ट्रक चालवतो आणि त्याला यांचं नावही ऐकायचं नाही. मुलगी काय म्हणेल ते तिलाच विचारा. आणि पुन्हा इथे येऊ नका.

ते पत्र मी तुमच्या आईला फोनवर वाचून दाखवलं.  मग तिने सरांच्या त्या मुलीचा पत्ता मागितला. पुढच्या महिन्यात ती जाणार आहे. आजोबांना बरोबर न्यायचं की नाही हे तिचं अजून ठरलेलं नाही. थोरल्या, तू येतो म्हणालास तर ती नाही म्हणेल असं मला वाटत नाही. बाईंना द्यायचा निबंध मग महिनाभर लांबेल. बाई रागावतील. रागावू देत.